नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना : एका धनिकाचा लोकलढा

आपल्या मुरगाव परिसरातील भाविकांना परकीय सत्तेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह ही आपली दैवते सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाच्या भयाने मूळ स्थान सोडून नदीपलीकडे गेली, हे घरोघरी ठाऊक आहे. सत्तेच्या वरवंट्याखाली सापडलेल्या समाजाने कसे वागावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना प्रत्यक्ष सोडवावा लागला. कोणी देव पालखीत घालून रातोरात निघाले, कोणी शस्त्र उचलले, कोणी निमूटपणे सोसले. यांखेरीज आणखी एक मार्ग होता. ज्याच्यापाशी धन आहे, मान आहे आणि सत्ताधाऱ्यांच्या दरबारात ज्याला खुर्ची आहे, त्याने त्या खुर्चीत बसून आपल्या लोकांचे गाऱ्हाणे निर्भयपणे मांडावे, हा तो मार्ग होय. इंग्रजी मुंबईत या मार्गाने प्रथम चालले ते नामदार जगन्नाथ शंकरशेट. सारी मुंबई त्यांना नाना म्हणूनच ओळखत असे. दैवज्ञ समाजात जन्मलेल्या आणि अवघ्या शहराचे झालेल्या या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे भाविकांपुढे सादर करीत आहोत.

घराणे आणि बालपण

नानांचे मूळ आडनाव मुरकुटे. घराणे कोकणातले. अठराव्या शतकात, मुंबई बंदर नुकते वाढू लागले होते तेव्हा, हे कुटुंब तेथे येऊन जवाहिऱ्याच्या व सराफीच्या व्यवसायात स्थिर झाले. नानांचे वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी या व्यवसायात अमाप संपत्ती मिळविली आणि तिचा काही भाग देवकार्यासही लावला. मुंबईत आज नाना चौक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील श्रीभवानीशंकराचे देवालय ही त्यांची स्मृती होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या देवळात आजही नित्य पूजा-अर्चा होते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. धनिकाघरच्या मुलास शोभेल असे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. मराठी, संस्कृत यांबरोबर इंग्रजीही त्यांनी चांगली आत्मसात केली. त्या काळी इंग्रजी जाणणारे हिंदी गृहस्थ बोटांवर मोजण्याइतके होते. १८२२ मध्ये वडिलांचे छत्र हरपले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर पेढीचा, मालमत्तेचा व घराण्याच्या नावाचा सारा भार नानांवर आला.

नानांच्या सचोटीचा लौकिक इतका होता की मुंबईत येणारे अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपला पैसाअडका बँकेत ठेवण्याऐवजी त्यांच्या हवाली करीत. भाविकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पुढे नानांनी सरकारपुढे जे जे मांडले, त्यास वजन आले ते या विश्वासामुळे. ज्याच्या शब्दावर दूरदेशीचा व्यापारी आपली पुंजी सोडून जातो, त्याचा शब्द गव्हर्नरासही सहज टाळता येत नसे.

विद्यादानाचा वसा

१८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांचे राज्य पक्के झाले. गेलेले राज्य शस्त्रबळाने परत येण्याची आशा त्या घडीला कोणास दिसत नव्हती. नानांनी ओळखले की या सत्तेपुढे ताठ मानेने उभे राहावयाचे तर आधी समाज शहाणा झाला पाहिजे. १८२२ मध्ये एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रोत्साहनाने मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मंडळी उभी राहिली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. नाना तरुणपणापासून या कार्यात होते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. त्यातून एल्फिन्स्टन विद्यालयाची उभारणी झाली. या संस्थेच्या पायाभरणीत नानांचा वाटा मोठा होता.

१८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ स्थापिले. त्यावर तीन हिंदी सभासद घेण्यात आले. जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई आणि महंमद इब्राहिम मकबा हे ते तिघे. हे मंडळ असेतोपर्यंत, म्हणजे सुमारे दीड दशक, नानांनी तेथे काम केले. याच मंडळात त्यांचा सत्तेशी पहिला मोठा तात्त्विक झगडा झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि पैसा त्याकडेच वळवावा, असे त्यांचे मत. नानांचा इंग्रजीस विरोध नव्हता. ते स्वतः ती भाषा उत्तम जाणत. परंतु सामान्य रयतेपर्यंत ज्ञान पोहोचावयाचे तर ते मराठी, गुजराती अशा देशी भाषांतूनच पोहोचेल, हा त्यांचा आग्रह होता. कर्नल जर्व्हिस यांच्यासारखे काही इंग्रज अधिकारीही या मताचे होते. १८४७-४८ च्या सुमारास हा वाद विकोपास गेला आणि सरकारला मध्यस्थी करावी लागली. देशी भाषांतील शिक्षण पूर्णपणे मागे पडले नाही, याचे श्रेय या आग्रहास द्यावयास हवे. मायबोलीच्या शाळांसाठी पुढे आपल्या गोमंतकातही पिढ्यान्‌पिढ्या झटावे लागले. त्यामुळे या झगड्याचे मोल आपण अधिक जाणू शकतो.

स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत नानांना सरकारपेक्षा स्वकीयांचा रोष अधिक पत्करावा लागला. दादाभाई नौरोजी आदी तरुणांच्या विद्यार्थी सभेने १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा नानांनी त्यांस द्रव्य दिले आणि जागाही दिली. त्यांच्या नावाची कन्याशाळा त्यातून उभी राहिली. मुलीने पाटी हाती घेणे हे अशुभ मानले जाण्याचे ते दिवस. अशा वेळी शहरातील प्रमुख हिंदू गृहस्थ, नित्य देवपूजा करणारा, धर्माचार पाळणारा, तोच मुलींच्या शाळेच्या पाठीशी उभा राहिला म्हटल्यावर टीकाकारांची धार बोथट झाली. सतीची चाल बंद करणाऱ्या १८२९ च्या कायद्यासही नानांनी पाठिंबा दिला होता. धर्मनिष्ठा आणि सुधारणा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

बॉम्बे असोसिएशन : २६ ऑगस्ट १८५२

आता आम्ही नानांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या घटनेकडे वळतो. ईस्ट इंडिया कंपनीला राज्य करण्याची सनद दर वीस वर्षांनी इंग्लंडच्या पार्लमेंटकडून नवी करून घ्यावी लागे. १८३३ ची सनद १८५३ मध्ये संपणार होती. नव्या सनदेपूर्वी हिंदी लोकांचे म्हणणे पार्लमेंटपुढे जावे, या हेतूने कलकत्त्यास १८५१ मध्ये ब्रिटिश इंडियन असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था जन्मास आली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था होय. नाना तिचे अध्यक्ष झाले. दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी अशी पुढे नावारूपास आलेली माणसे तिच्या आरंभापासून तिच्यात होती.

येथे गोमंतकीयांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आवर्जून सांगतो. या संस्थेचे चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड हे आपल्या पेडणे महालात जन्मलेले. लहानपणी मुंबईस गेलेला हा बुद्धिमान मुलगा पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, आणि प्राचीन लेख वाचणारा संशोधक म्हणूनही कीर्ती पावला. नानांची प्रतिष्ठा आणि भाऊंची लेखणी यांचा संयोग झाला. पैसा व बुद्धी एकत्र आल्यावर काय घडू शकते, याचा तो वस्तुपाठ होता.

असोसिएशनने पार्लमेंटकडे सविस्तर अर्ज धाडला. त्यात कंपनी सरकारच्या दुहेरी व खर्चिक कारभारावर टीका होती. मोठ्या पगाराच्या जागा हिंदी लोकांस बंद का, कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी सभासद का नाहीत, एवढा महसूल गोळा होऊनही रस्ते, बांधकामे व शिक्षण यांवर इतका तुटपुंजा खर्च का, असे प्रश्न होते. आज हे प्रश्न साधे वाटतील. १८५२ मध्ये ते विचारावयास छाती लागत होती. हा अर्ज करणाऱ्या शेटियांपैकी बहुतेकांचा व्यापार इंग्रज कोठ्यांशी निगडित होता. सरकारची इतराजी म्हणजे पेढीस धक्का, असा सरळ हिशोब. अर्जाची भाषा काही धनिकांना फार कडक वाटली. वाद झाला आणि ते संस्थेपासून दूर झाले. नाना मात्र जागचे हलले नाहीत. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते, त्यांत ते अग्रगण्य होते. तरीही ते उभे राहिले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

फळ काय मिळाले, असे कोणी विचारील. १८५३ च्या कायद्याने मुलकी नोकरीची परीक्षा सर्वांस खुली झाली. पण ती परीक्षा लंडनमध्ये होत असल्याने प्रत्यक्षात दार अर्धवटच उघडले. कायदेमंडळात हिंदी सभासद घेण्याची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. त्यासाठी १८६१ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. बी पेरल्यावर अंकुर दिसावयास वेळ लागतो, तसेच हे झाले.

याच वर्षी गोमंतकातही ठिणगी पडली होती, हा योगायोग विचार करावयास लावतो. २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीत दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंडाचे निशाण उभारले, नाणूसचा किल्ला घेतला आणि १८५५ पर्यंत सरकारला झुंजविले. अखेर पोर्तुगीजांना तडजोड करावी लागली. एकीकडे सह्याद्रीच्या रानात तलवार, दुसरीकडे मुंबईच्या सभागृहात अर्ज. साधने भिन्न होती. परंतु परकीय सत्ता म्हणेल ती पूर्व दिशा असे मानावयाचे नाही, हा निर्धार दोहोंकडे होता. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद आम्ही घालू इच्छित नाही. राण्यांपाशी रान होते, किल्ला होता आणि प्राणास उदार झालेली माणसे होती. नानांपाशी पत होती. ज्याने त्याने आपल्यापाशी असलेले पणास लावले.

सत्तावनचा संशय

१८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतही भीतीचे सावट पसरले. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी शहरात हेर पेरले. वेषांतर करून ते स्वतः फिरत. शिपायांचा कट उघडकीस आला म्हणून ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना ऑक्टोबर १८५७ मध्ये मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. अशा वातावरणात संशयाची सावली नानांवरही पडली. बंडवाल्यांशी त्यांचे संधान असावे अशी कुजबूज सरकारी वर्तुळात झाली आणि चौकशी झाली. पुरावा काहीही मिळाला नाही व नाना निर्दोष ठरले.

उठावात नानांचा हात होता, असे म्हणण्यास आधार नाही. भक्तिभावाच्या भरात त्यांना गुप्त क्रांतिकारक ठरविणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. ते सनदशीर मार्गाचे पुरुष होते. इंग्रज गव्हर्नरांशी त्यांचे सौहार्द होते, सरकारी समित्यांवर ते बसत. परंतु नेमका हाच मुद्दा बोलका आहे. आयुष्यभर उघडपणे, सहीनिशी बोलणाऱ्या माणसावरही सत्तेने संशय घेतला. सत्तेला शस्त्राइतकाच भय वाटतो तो लोकांचा विश्वास संपादन केलेल्या माणसाचा.

आगगाडी आणि नगररचना

नानांनी इंग्रजांकडून जे घेण्यासारखे होते ते घेण्यास कधी अनमान केला नाही. १८४५ च्या सुमारास मुंबईत आगगाडीची कल्पना पुढे आली, तेव्हा ती उचलून धरणाऱ्यांत नाना व जमशेटजी जीजीभाई अग्रभागी होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत हे दोघे हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्याकडे २१ मैलांचा पहिला प्रवास झाला. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने असा तो थाट होता. त्या गाडीत नानाही होते. पुढे १८८८ मध्ये आपल्या मुरगाव बंदरातून दूधसागरमार्गे कॅसल रॉकला जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या या साऱ्या लोहमार्गांची सुरुवात त्या पहिल्या २१ मैलांत आहे.

भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही नाना पुढे होते. १८६२ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या संग्रहालयास पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

सोनापूरची स्मशानभूमी

भाविकांच्या मनास अधिक भिडेल अशी एक हकीकत अजून सांगावयाची आहे. मुंबईत समुद्रकाठी सोनापूर येथे हिंदूंची जुनी स्मशानभूमी होती. शहर वाढू लागले तशी ती जागा सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. स्मशान तेथून हलवून दूर शिवडीस न्यावे, असा बेत झाला. श्रीमंतांस त्याचे फारसे काही वाटले नसते, कारण त्यांच्याकडे गाड्या-घोडे होते. परंतु गिरगाव, भुलेश्वर भागातील गरिबाने खांद्यावर तिरडी घेऊन शिवडीपर्यंत कोस दोन कोस कसे जावे? नानांनी हे गाऱ्हाणे आपले मानले आणि सरकारशी भांडून सोनापूरचे स्मशान जागेवरच राखले.

आपल्या दैवतांना मूळ स्थान सोडावे लागले, त्या इतिहासाशी ही घटना ताडून पाहावी. सोळाव्या शतकात सत्तेला अडविणारा कोणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात एक माणूस सरकारच्या कचेरीत जाऊन हे होणार नाही असे सांगू शकला, आणि ते झाले नाही. कायद्याची भाषा शिकून ती सत्तेविरुद्ध वापरणे, हेच नानांचे शस्त्र होते.

अखेरची वर्षे

१८६१ च्या कायद्यानुसार १८६२ मध्ये मुंबईचे कायदेमंडळ अस्तित्वात आले आणि त्यावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नानांचा समावेश झाला. दहा वर्षांपूर्वी ज्या अर्जात ही मागणी केली होती, त्या अर्जाच्या अध्यक्षालाच ती खुर्ची मिळाली. नामदार ही पदवी त्यांच्या नावामागे लागली ती तेव्हापासून.

त्यानंतरचे दिवस मुंबईच्या इतिहासात चमत्कारिक होते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसास सोन्याचा भाव आला. शहर सट्ट्याने पिसाट झाले, आणि युद्ध संपताच १८६५ च्या जुलैत शेअर बाजार कोसळून मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांनी देह ठेवला. ज्या महिन्यात पैसा किती क्षणभंगुर आहे हे मुंबईने पाहिले, त्याच महिन्यात पैशाने काय चिरंतन करता येते हे दाखविणारा माणूस गेला.

त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, नानांचा संगमरवरी पुतळा आहे. आणि नानांच्या श्रीभवानीशंकर देवालयापासून थोड्याच अंतरावर, गवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, २८ डिसेंबर १८८५ रोजी राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे आलेल्या दादाभाई नौरोजींनी तेहतीस वर्षांपूर्वी बॉम्बे असोसिएशनमध्ये नानांच्या अध्यक्षतेखाली राजकारणाचे पहिले धडे गिरविले होते.

देवस्थानच्या कार्यात आम्हास अनेक दानशूरांचा हातभार लागतो. दान कसे असावे, याचा विचार नानांच्या चरित्रावरून सहज सुचतो. देऊळ बांधणे हे पुण्यकर्म खरेच, आणि ते नानांच्या घराण्याने केले. पण नानांनी धनाबरोबर आपली पत, आपला वेळ आणि आपली सुरक्षितताही लोकांसाठी खर्ची घातली. धनिकास सत्ताधाऱ्यांची मर्जी सांभाळणे नेहमीच सोयीचे असते. ती सोय सोडून जो गरिबाच्या तिरडीसाठी भांडतो, त्याचे धन सार्थकी लागले असे आम्ही मानतो. मुंबईस जाणाऱ्या भाविकांनी सवड काढून नाना चौकातील श्रीभवानीशंकराचे दर्शन अवश्य घ्यावे आणि त्या वेळी नानांचे स्मरण करावे, एवढीच विनंती.

॥ शुभं भवतु ॥